प्रकल्प नोंदी : '१७६८ चं हस्तलिखित' नक्की कधीचं?

४ नोव्हेंबर

नोंदी ठेवायला घेते, नाहीतर पुढे मलाच आठवणार नाही की कुठलं वर्ष कशाच्या आधारावर लिहिलं. काम असं आहे की जुन्या मराठी पोथ्या-पुस्तकांची यादी करतेय, साधारण १८८० पर्यंतची, आणि प्रत्येक नोंदीसमोर रकाने तीनच: शिळाछाप (दगडावरून छापलेलं) की खिळाछाप (धातूच्या सुट्या अक्षरांनी छापलेलं), कागद कुठला, आणि वर्ष कशावरून ठरवलं. खरा रकाना तिसरा. वर्ष सगळेच देतात, कशावरून ते कोणी सांगत नाही, एकाने लिहिलं की दुसरा उचलतो आणि तिसरा त्या दोघांचा हवाला देतो, झालं ते पक्कं.

आत्ता अडकलेय ती एका पोथीवर. कॅटलॉगात नोंद आहे "ओवीबद्ध, हस्तलिखित, १७६८". पोथीचं आणि ग्रंथालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, दुरुस्ती व्हायच्या आधी कोणाला उगाच मान खाली घालायला नको. स्कॅन ऑनलाइन आहे, काळं-पांढरं, त्यात शेवटचं पान नाही आणि मुखपृष्ठ म्हणावं असंही काही नाही. १७६८ म्हणजे थोरल्या माधवरावांचा काळ, म्हणून दोन-तीन लेखांत ही 'पेशवेकालीन पोथी' म्हणून मिरवतेय.

मला खटकलं ते अध्यायाच्या सुरुवातीचं चित्र. चित्रातल्या रेघा आणि भोवतीची अक्षरं एकाच काळेपणाची, आणि अक्षरं चित्राला वळसा घालून जातात. हे शिळाछापात हमखास दिसतं कारण चित्र आणि मजकूर एकाच दगडावर असतो. आणि शिळाछाप असेल तर १७६८ शक्यच नाही, झेनेफेल्डरने दगडावरून छापायची युक्ती काढली तीच मुळी १७९६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत. पण स्कॅनवरून हे छातीठोक सांगता येत नाही. मूळ पोथी बघायला अर्ज टाकलाय.

१० नोव्हेंबर

परवानगी आली, आज गेले.

दालन बघूनच अर्धं काम विसरायला होतं. छत एवढं उंच की वरच्या गॅलरीतल्या कपाटांकडे जायला लोखंडी गोल जिना, खाली लांबच लांब टेबलं, आणि खिडक्या जवळजवळ छताला भिडलेल्या. जुन्या ग्रंथालयांत खिडक्या अशा का, तर आत दिवा-मेणबत्ती आणायची सोयच नव्हती, उजेड जितका बाहेरून येईल तितकाच. ऑक्सफर्डच्या बोडलियनमध्ये तर वाचकाला आजही शपथ घ्यावी लागते की आत आग किंवा ज्योत आणणार नाही. आता त्याच खिडक्या डोकेदुखी झाल्यात कारण ऊन कागदाचा शत्रू, म्हणून सगळीकडे जाड पडदे.

बॅग लॉकरमध्ये, पेन बाहेर, फक्त पेन्सिल. तिथले काका हात बघतात! धुतलेले आणि कोरडे पाहिजेत, क्रीम नको, सॅनिटायझर नको. हातमोजे मात्र नाहीत. बऱ्याच जणांना वाटतं की जुनं पुस्तक म्हटलं की पांढरे मोजे घालायलाच हवेत, टीव्हीवर तसंच दाखवतात, पण सुती मोज्यात बोटाला पानाची कड कळत नाही आणि चिरलेल्या कडेला धागा अडकला की पान फाटलंच म्हणून समजा. मोजे फोटोंना आणि धातूच्या वस्तूंना. कॅटलॉगची कार्डं सांभाळणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "मोजे हवे असतील तर देते, पण मग पोथी नाही देणार." आवडलं मला हे. काम झाल्यावर हात पुन्हा धुवायचे, ते आपल्यासाठी, कारण एकेकाळी ग्रंथालयांमधून डीडीटीची पावडर सर्रास मारली जायची आणि जुन्या हस्तलिखितांवर हरताळ नावाचा पिवळा रंग असतो, म्हणजे सरळ आर्सेनिक.

पोथी लाल रुमालात, वर-खाली लाकडी फळ्या, पानं सुटी. सुट्या पोथीला फोमचे उतार वगैरे लागत नाहीत, ते बांधलेल्या पुस्तकांना. इथे पान दोन्ही हातांनी उचलायचं आणि पुस्तकासारखं उजवीकडून डावीकडे नाही तर खालून वर उलटायचं, लांबट पानाचा मजकूर तसाच मांडलेला असतो. सुरुवातीला हात अडखळतो, मग लय बसते.

आता मुद्द्याचं. बोरूने लिहिलेल्या पानात शाईची लाट दिसते. बोरू दौतीत बुडवला की पहिली दोन-चार अक्षरं गडद, मग फिकट होत जातात, परत बुडवला की परत गडद. दहा पट भिंगाखाली सात-आठ पानं बघितली, लाट कुठेच नाही. पहिल्या ओळीच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या दंडापर्यंत काळेपणा एकच. बोरूच्या लिखाणात जिथे एक रेघ दुसरीला छेदते तिथे शाई दुप्पट साचते, 'क'च्या पोटात तर अगदी स्पष्ट दिसते, इथे छेदावरही तोच थर. मग छोटा एलईडी टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाकला. खिळ्यांनी छापलं असतं तर दाबामुळे पानाच्या पाठीला अक्षरांचे उंचवटे दिसले असते. पाठ सपाट. म्हणजे ना लिहिलेली, ना खिळ्यांची. दगडच.

हे मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "शाईवरून मी कार्ड बदलू शकत नाही हो." बरोबर आहे त्यांचं, उद्या आणखी कोणी येऊन आणखी काही म्हणेल.

१४ नोव्हेंबर

घरूनच काम. दुसऱ्या एका ग्रंथालयाच्या स्कॅन्समध्ये याच ग्रंथाची शिळाछाप प्रत सापडली, तिथे नोंद "मुद्रित, वर्ष नाही", ती पण शेवटाकडे अपुरी. दोन्ही स्कॅन एका मापात आणून एकावर एक ठेवले. तिसऱ्या अध्यायात एका ओळीत 'त'चा पाय तुटलाय आणि शेजारी शिरोरेखेच्या वर एक नको असलेला ठिपका आहे. दोन्ही प्रतींत तुटलेला पाय त्याच जागी, ठिपका त्याच जागी. दोन लेखक एकच ठिपका एकाच जागी पाडत नाहीत. 'हस्तलिखित' हा शब्द इथे संपला.

आणखी एक गंमत, नवव्या अध्यायापासून हात बदलतो. पहिल्या लेखकाचा 'ल' आखूड आणि रुंद, दुसऱ्याचा उंच, आणि दुसरा शिरोरेखा जरा उतरती ओढतो. छापलेल्या पोथीत लेखकाचं अक्षर ओळखता येतं हे ऐकायला विचित्र वाटेल, पण शिळाछापात कोणीतरी आधी हाताने लिहावंच लागायचं. तेलकट शाईने खास कागदावर सरळ लिहायचं, मग तो कागद दगडावर उलटा दाबून अक्षरं दगडावर उतरवायची, डिंकपाणी आणि सौम्य आम्ल लावायचं, दगड ओला ठेवायचा. ओल्या भागाला शाई चिकटत नाही, तेलकट भागाला चिकटते. बस्स एवढंच तत्त्व, तेल आणि पाणी. म्हणून ज्याचं वळण चांगलं त्याला छापखान्यात काम मिळायचं, पोथ्या लिहिणारे तेच लोक आणि दगडासाठी लिहिणारेही बहुधा तेच.

आणि वाचकालाही तेच हवं होतं असं माझं मत. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापलं ते शिळाप्रेसवरच. खिळ्यांची नागरी छपाई त्याच्या आधीपासून होती, विल्यम कॅरी या मिशनऱ्याचं मराठी व्याकरण बंगालातल्या श्रीरामपूरला १८०५ मध्ये छापलं गेलं होतं. पण सुरुवातीच्या खिळ्यांच्या छपाईत दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेखा तुटते, केसाएवढी फट राहते, मात्रा कधी डावीकडे सरकते कधी उजवीकडे. आयुष्यभर बोरूचं अक्षर वाचलेल्या माणसाला ते टोचत असणार. शिळाछापात शिरोरेखा ओळभर अखंड, पानं लांबट, आकाराने पोथी ती पोथीच. पारायणाला बसलेल्याला फरक जाणवत नसेल. आणि तोच फरक पुढे कार्ड करणाऱ्यालाही जाणवला नाही!

२१ नोव्हेंबर

आज कागद. काकांनी पातळ लाइटशीट दिली, बॅटरीवरची, तिच्यावर एकेक पान ठेवून बघायचं. जास्त वेळ नाही, बघून लगेच बंद.

देशी कागद नाही हे हाताला आधीच कळलं होतं. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद घोटलेला असतो, बोट फिरवलं की गुळगुळीत, आणि उजेडात गवताच्या चिकाच्या, म्हणजे कागद ज्यावर गाळतात त्या चटईच्या, बारीक रेषा दिसतात, छाप नसतो. हा विलायती. रेषा सरळ, तारांच्या साच्याच्या, आणि काही पानांत वॉटरमार्कचे तुकडे. तुकडे अशासाठी की मोठा ताव कापून ही लांबट पानं केलीत, त्यामुळे छाप सुरीने दुभंगलाय. एका पानाच्या वरच्या कडेला १ आणि ८, आकडे पोटातून कापलेले. बाकी दोन आकडे कुठेतरी दुसऱ्या पानात असणार म्हणून अध्याय दोनपासून एकेक पान उजेडावर घेत गेले. सोळाव्या अध्यायात सापडले, खालच्या कडेला, ४ आणि ४. पानं एकमेकांना लावता येत नाहीत, मधली पट्टी कापणीत गेलीय, पण तारांमधलं अंतर आणि आकड्यांची उंची जुळते. पुढे आणखी एका पानात तर ८४४ एकत्र आहे, त्यामुळे शंका उरली नाही. १८४४.

कागदात वर्ष का घालायचे त्याला कारण आहे. १७९४ मध्ये ब्रिटनमध्ये कागदावरच्या कराचा कायदा झाला, निर्यातीच्या कागदावर करसवलत हवी तर वॉटरमार्कमध्ये वर्ष पाहिजे. नंतर अट गेली तरी बऱ्याच गिरण्यांनी सवय ठेवली. त्यामुळे आपल्याकडच्या त्या काळातल्या पुस्तकांना कागद हा एक फुकटचा साक्षीदार मिळालाय, फक्त त्याला विचारायला पुस्तक उजेडावर धरावं लागतं. स्कॅनमध्ये हे येतच नाही, कारण स्कॅनचा उजेड वरून पडतो.

दुपारी मॅडमना दाखवलं. त्यांनी भिंग घेऊन स्वतः बघितलं आणि मग म्हणाल्या, "ठीक आहे, १८४४ च्या आधीची नाही. पण मग १७६८ आलं कुठून? ज्याने कार्ड लिहिलं त्याने हवेतून तर नाही ना आणलं."

अगदी हाच प्रश्न आहे. माझा कयास असा की शेवटच्या पानावर 'शके १७६८' असणार आणि कार्डवर 'शके' गळालं. पण ते पानच नाही.

२८ नोव्हेंबर

पोथी आज दुसऱ्या वाचकाकडे. तोवर यादीतली बाकीची उरकली.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती, बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातली. वजनदार, फोमच्या उतारांवर ठेवून बघितली, मणका पूर्ण उघडू द्यायचा नाही. जुजबंदी, म्हणजे पानांच्या गठ्ठ्यांची शिलाई, अजून घट्ट आहे. कागद उत्तम, पानं वाजतात.

त्याच टेबलावर यादीबाहेरचं, १८९० च्या दशकातलं एक पुस्तक आलं होतं, त्याची कड मात्र बोट लागलं की तपकिरी भुगा. नवं पुस्तक आधी मरतं याचं लोकांना आश्चर्य वाटतं पण कारण साधं आहे, आधीचा कागद चिंध्यांचा, नंतरचा लाकडाच्या लगद्याचा आणि त्यात तुरटीची खळ, आम्ल आतच तयार होतं. त्यावर कोणीतरी कधीकाळी सेलोटेप लावलीय. टेप सुटून गेली, गोंद मात्र कागदात मुरला आणि त्या पट्ट्यात अक्षरं पिवळट काचेखाली असल्यासारखी दिसतात. ज्याने लावली त्याचा हेतू चांगलाच असेल, पण चिडचिड होते. आधीच्या पिढीतले दुरुस्ती करणारे शिफॉनचं रेशमी कापड खळीने लावायचे, ते निदान पाण्याने सोडवता येतं. दुरुस्ती उलटी फिरवता आली पाहिजे, एवढा एक नियम पाळला असता तरी पुष्कळ वाचलं असतं.

यादीत 'शिळाछाप' लिहिलेलं एक चोपडं खिळाछाप निघालं, पाठीला उंचवटे, शिरोरेखेत फटी. पाच मिनिटांचं काम.

५ डिसेंबर

सापडलं!

आज ठरवूनच गेले होते की पानं मोजायची, मजकूर वाचायचाच नाही. पोथ्यांमध्ये आकडा पानाच्या पाठीला असतो, डावीकडे वर ग्रंथाच्या नावाचं आद्याक्षर, अध्याय आणि आकडा, उजवीकडे खाली 'राम' आणि परत आकडा. आणि मुख्य म्हणजे या पोथीत प्रत्येक अध्यायाला आकडे पुन्हा एकपासून. म्हणजे अकरावं पान एक नाही, जितके मोठे अध्याय तितकी अकरावी पानं. पानं सुटी, रुमाल कितीदा सोडला-बांधला गेला असेल देव जाणे.

बाराव्या अध्यायात अकरा आकड्याची पानं दोन निघाली. स्कॅनमध्ये एकच आहे. स्कॅन करणाऱ्याने दुसरं 'डुप्लिकेट' समजून वगळलं असणार, त्याला तरी काय दोष द्यायचा, त्याला दिवसाला इतकी पानं करायची असतात. या दुसऱ्या पानाचा डावा वरचा कोपरा फाटलाय, त्यामुळे अध्यायाचा आकडा गेला आणि फक्त उजवीकडचा 'राम ११' उरला. कोणीतरी आकडा बघून मिळेल तिथे घातलं.

पालथं केलं. पाच ओळी ओव्या, मग फुलांची वेलबुट्टी, मग मोठ्या अक्षरात: "शके १७६८ पराभवनाम संवत्सरे श्रावण शुद्ध", पुढची तिथी आणि छापखान्याचं नाव किड्याने खाल्लेलं.

मोठ्याने काहीतरी बोलले बहुतेक कारण काका बघायला आले.

पान शेवटच्याच अध्यायाचं हे कशावरून, हे कोणीही विचारणार. ओवीचा धागा लागतो, अध्याय २१ च्या दहाव्या पानावर अर्धी राहिलेली ओवी इथे पूर्ण होते. पण त्याहून भारी पुरावा किड्याने दिलाय. कीड पानामागून पान पोखरत जाते, त्यामुळे शेजारच्या पानांची भोकं एकाखाली एक येतात. हे पान बाराव्या अध्यायात ठेवलं तर त्याच्या वर-खाली भोकंच नाहीत. अध्याय २१ च्या दहाव्या पानाखाली ठेवलं आणि लाइटशीट लावली, दोन्ही भोकांतून उजेड आरपार. जे भोक तिथी खाऊन गेलं तेच वरच्या पानात 'गणपती'च्या शेजारून गेलंय. म्हणजे कीड लागली तेव्हा पान जागेवर होतं, नंतर हललं. कोइंब्रा विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयात किडे खायला वटवाघळं राहतात आणि म्हणून रोज रात्री टेबलांवर चामड्याची आच्छादनं टाकतात, ते काकांना सांगितलं तर म्हणाले, "आणि सकाळी साफ कोण करतं?"

६ डिसेंबर

हिशेब कागदावर.

शकात ७८ मिळवले की इसवी सन, फक्त साधारण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९. श्रावण आहे म्हणजे ७८. १७६८ + ७८ = १८४६.

पडताळा संवत्सराचा, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाच्या नावाचा. शकात १२ मिळवून ६० ने भागायचं, बाकी राहील तितकं संवत्सर, प्रभव एक धरून. १७६८ + १२ = १७८०, बाकी ४०, चाळीसावं पराभव. जुळलं. सूत्रावर विश्वास नसेल तर शके १९४६ घ्या, बाकी ३८, क्रोधी, त्या वर्षीच्या कुठल्याही मराठी पंचांगावर हेच नाव आहे.

आता उलट बाजूने. समजा खरंच इसवी १७६८ असतं, तर श्रावणात शक १६९०, बाकी २२, सर्वधारी. पराभव नाही. म्हणजे पानच सांगतंय की हा आकडा इसवी सनाचा नाही. साठ वर्षांनी नाव परत येतं हे खरं, पण मागचं पराभव शके १७०८, म्हणजे १७८६, तेव्हा शिळाछाप जन्मालाच आला नव्हता, आणि पुढचं शके १८२८. कागद १८४४ चा, पोथी १८४६ ची, मधली दोन वर्षं कागद गिरणीतून निघून जहाजाने येऊन दुकानातून छापखान्यात पोचायला. अगदी बेताचं अंतर आहे.

तिसऱ्या रकान्यात लिहिलं: 'समाप्तीचा मजकूर, संवत्सर, वॉटरमार्क, दुसरी प्रत'.

१२ डिसेंबर

दुरुस्तीचा अर्ज दिला, सोबत फोटो: समाप्तीचं पान, दोन्ही भोकं, ८४४ वाला तुकडा, तुटक्या 'त'ची जोडी. मॅडमनी सगळं नीट बघितलं, एकच बदल सुचवला, की 'चुकीची नोंद' न लिहिता 'शक हा इसवी सन समजला गेला' असं लिहा. तसं केलं, त्यात माहितीही जास्त आहे.

नवं कार्ड झालं. "शिळाछाप, शके १७६८ (इ.स. १८४६), छापखाना अज्ञात, दोन लेखकांचं अक्षर." जुनं कार्ड फेकू नका असं मी म्हणणार होते पण त्यांनी आधीच त्यावर आडवी रेघ मारून नव्यामागे लावलं होतं. अकरावं पान जागेवर गेलं, कोपऱ्याला जपानी टिश्यू लावायला दुरुस्ती विभागाकडे चिठ्ठी गेलीय. पोथी हस्तलिखितांच्या कपाटातून मुद्रितांच्या कपाटात हलवायची तर वेगळा अर्ज लागतो म्हणे, तो त्याच करणार आहेत.

स्कॅनवाल्यांना मेल टाकलीय की एक पान राहिलंय, उत्तर नाही. 'पेशवेकालीन' लिहिणाऱ्यांपैकी एकांना कळवलं, त्यांना हे फारसं रुचलेलं दिसत नाही, मूळ पान स्वतः बघेन म्हणाले. बघावंच.

राहिलंय ते छापखान्याचं नाव. दुसऱ्या प्रतीचं समाप्तीचं पान तिथेही गायब आहे, पण तिथेही आकडे अध्यायागणिक एकपासूनच आहेत. तिकडे अर्ज केलाय, अकरावी पानं सगळी बघू द्या म्हणून.